साहेबांचा पगार: नुसता दाखवायचा की बांधून टाकायचा?

साहेब आणि कामगार यांच्या पगारातली दरी आटोक्यात ठेवायचे दोन मार्ग. आपल्याकडचा मार्ग दाखवण्याचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा पगार मध्यम कर्मचाऱ्याच्या (म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधे येणाऱ्याच्या) किती पट आहे, ते छापावं लागतं. छापतातही, अहवालाच्या मागच्या परिशिष्टात, बारीक अक्षरात. वाचतो कोण? शिवाय मेख अशी, की कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. चाकणच्या एखाद्या कारखान्यात शेजारी उभं राहून तेच काम करणारा या हिशेबात नसतोच. तो वगळला की मध्यम पगार वर सरकतो आणि पट आपोआप कमी दिसते.

दुसरा मार्ग मर्यादेचा. स्पेनमधल्या मोन्द्रागोन सहकारी संस्थांत वरचा पगार खालच्याच्या साधारण सहापटीत ठेवतात, कारण मालक कामगारच. स्वित्झर्लंडमध्ये १:१२ ची मर्यादा २०१३ साली सार्वमताला आली आणि सपशेल पडली.

पळवाट मर्यादेलाही आहेच: सफाईचं काम बाहेर दिलं की खालची पायरीच गायब. तरी मला मर्यादा पटते, पण कंत्राटी माणूस मोजणार असाल तरच. तो मोजला, तर नुसतं दाखवणंही बऱ्याच कंपन्यांना जड जाईल.