टोयोटा ॲव्हलॉन (२०१९–२०२२): बंद झालेली मोठी सेडान आज घ्यावी का?

अमेरिकेत मोठी सेडान नवी कोरी घ्यायची म्हटली, तर निवडीला आता फारसं काही उरलेलं नाही. फोर्ड टॉरस २०१९ मध्ये गेली, शेव्हरोले इम्पाला २०२० च्या फेब्रुवारीत, क्रायस्लर ३०० आणि निसान मॅक्सिमा २०२३ मध्ये. केंटकीतल्या जॉर्जटाउनच्या कारखान्यात १९९४ पासून तयार होणारी ॲव्हलॉन २०२२ च्या मॉडेलनंतर थांबली. त्यामुळे वापरलेली ॲव्हलॉन बघायला गेलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती असते: उद्या पार्ट मिळतील का? धास्ती रास्त आहे, पण बहुतेक जण ती चुकीच्या जागी धरतात. इंजिन आणि गिअरबॉक्सची काळजी नको. काळजी करायची ती पत्र्याची, दिव्यांची आणि सेन्सरची.

हा वर्ग का आटला हे समजलं की पुढचं सोपं जातं. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या) मोजमापात प्रवासी आणि सामान मिळून १२० घनफूट जागा भरली की गाडी ‘मोठी’ ठरते. २०१८ ची होंडा ॲकॉर्ड, जिला सगळे मध्यम सेडान म्हणतात, हा आकडा ओलांडते. म्हणजे खालून मध्यम गाड्यांनी जागा खाल्ली आणि वरून एसयूव्हींनी गिऱ्हाईक. शिवाय चारही चाकांना ताकद देणारी बरीच क्रॉसओव्हर सरकारी नियमांत ‘हलका ट्रक’ म्हणून मोजली जातात आणि त्यांना इंधनाची उद्दिष्टं सैल असतात. सेडान मात्र कारच्या कडक मोजपट्टीखाली राहते. २०२१ मध्ये ॲव्हलॉनची अमेरिकेतली विक्री वीस हजारांच्या आत होती. एवढ्यासाठी वेगळे साचे चालवणं कोणत्याही कंपनीला जड जातं.

गाडी म्हणून मात्र ती सरस आहे, आणि हे ठासून सांगायला हवं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ११३ इंच, म्हणजे टोयोटाच्याच त्या काळच्या मध्यम सेडानपेक्षा, कॅमरीपेक्षा, जवळपास २ इंच जास्त, आणि ते सगळं मागच्या सीटला मिळालं आहे. पायांना ४० इंचांहून थोडी अधिक जागा आहे. उंच माणूस पुढे बसलेला असतानाही मागच्याचे गुडघे सीटला टेकत नाहीत. डिकी १६.१ घनफुटांची. पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली हायब्रिडही मिळते. तिची बॅटरी मागच्या सीटखाली असल्यामुळे तिचीही डिकी तेवढीच राहते. मागची सीट पाडता येते. हाच सांगाडा वापरणाऱ्या, टोयोटाच्याच लेक्सस ब्रँडच्या ईएसमध्ये ती पडत नाही. लांब सामान नेणाऱ्यांनी हा फरक आधीच ध्यानात घ्यावा.

३.५ लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) इंजिन ३०१ अश्वशक्तीचं, सोबत आठ गिअरचा ऑटोमॅटिक. हायवेवर ते इतकं निवांत चालतं की वेग नकळत वाढतो. शहरात हळू चालताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरदरम्यान गाडी कधी कधी अडखळते. याचं मूळ बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्ये असतं, म्हणून दुरुस्तीचा विचार करण्याआधी डीलरकडे अपडेट विचारावं.

टायरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: १७ इंची चाकांची एक्सएलई ट्रिम (सोयींनुसार ठरणारा गाडीचा प्रकार) घ्या. तिला २१५/५५ टायर येतात. एक्सएसई आणि टुरिंगची १९ इंची चाकं दिसतात झकास, पण २३५/४० टायरची भिंत इतकी बुटकी की हिवाळ्यानंतरच्या खड्ड्यात आधी रिम वाकतो. मोठी सेडान घ्यायची ती आरामासाठी. मग तोच आराम चाकांवर का घालवायचा?

देखभालीत व्ही६ची दुखरी जागा म्हणजे वॉटर पंप. इंजिन आडवं बसवलेलं आहे, त्यामुळे पंप प्रवाशाच्या बाजूला पट्ट्याजवळ आणि चाकाच्या कमानीला अगदी खेटून येतो. गळती धो धो होत नाही. गुलाबी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थेंबाथेंबाने झिरपतं, तापलेल्या धातूवर सुकतं आणि पंपाच्या खालच्या कडेला फिकट गुलाबी, खडबडीत पापुद्रा धरतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तो शोधा. कूलंटच्या टाकीतली पातळी महिन्यागणिक उतरत असेल आणि खाली डाग नसेल, तरी संशय पंपावरच घ्या. पंप स्वतः फार महाग नाही. मजुरी लागते, कारण हात घालायला जागाच नाही. तेव्हाच पट्टाही बदलून घ्यावा.

स्पार्क प्लग १,२०,००० मैलांना. मागच्या तीन प्लगसाठी वरचा इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) काढावा लागतो, तेव्हा त्याची गॅस्केटं नवी घालायला सांगा. व्ही६चं ऑइल ०डब्ल्यू-२०, कंपनी १०,००० मैल म्हणते, पण गाडी दीर्घकाळ ठेवायची असेल तर ५,००० ला बदललेलं बरं. फिल्टर काडतुसाचा आहे, त्याची टोपी २५ न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नये आणि रबरी रिंग दर वेळी नवी घालावी. इंधन सिलिंडरमध्येही फवारलं जातं आणि इनटेक पोर्टमध्येही, त्यामुळे व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याचा त्रास कमी. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ समजून सोडून देऊ नका, ६०,००० मैलांच्या आसपास बदला. त्याची पातळी ठराविक तापमानालाच मोजतात, हे माहीत असलेल्या मेकॅनिककडेच ते काम द्या.

हायब्रिडचं मायलेज शहर-हायवे मिळून ४३-४४ मैल प्रति गॅलन. तिच्यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मागच्या सीटलगतची हवेची जाळी. कुत्र्याचे केस, गालिच्याची लव तिथे अडकते, पंख्याला हवा मिळत नाही आणि बॅटरी तापते. जाळी काढून व्हॅक्यूम करणं हे दहा मिनिटांचं काम, आणि ते वर्षातून एकदा व्हायलाच हवं. बॅटरीची वॉरंटी २०२० च्या मॉडेलपासून १० वर्षं किंवा १,५०,००० मैल आहे. २०१९ ला ८ वर्षं, १,००,००० मैल.

आता खरी मेख. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच भाग कॅमरी आणि लेक्सस ईएसशी नात्यातले आहेत, तेव्हा ते बरीच वर्षं मिळत राहतील. पण पुढची ती भलीमोठी जाळी, पुढचा बंपर, फेंडर, हेडलाइट, मागचा सलग दिवा, हे फक्त ॲव्हलॉनचे. एलईडी हेडलाइटमध्ये बल्ब बदलण्याची सोय नाही. आत पाणी गेलं किंवा एक पट्टी विझली की आख्खा संच घ्यायचा. पुढच्या टोयोटाच्या चिन्हामागे रडार बसलेला असतो. ते चिन्ह सपाट आणि गुळगुळीत असतं ते त्याचसाठी. बंपर बदलताना बाजारातलं स्वस्त चिन्ह लावलं की क्रूझ कंट्रोल आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा रुसते. विंडशील्ड बदलली तर आतल्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमकी जुळणी) वेगळं. गाड्या मुळातच कमी विकल्या गेल्यामुळे भंगार यार्डातही हे भाग विपुल नाहीत.

याचा फटका विम्यात बसतो. न्यूयॉर्कमध्ये नुकसान गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की ती टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरते, टेक्ससमध्ये ही मर्यादा १०० टक्के. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, दिव्याची उतरत नाही. त्यामुळे उत्तम चालणारी ॲव्हलॉन एखाद्या मध्यम धडकेने रस्त्यावरून जाऊ शकते. सेटलमेंटच्या वेळी कंपनीने तुलनेला कॅमरी धरली तर ऐकून घेऊ नका. त्याच ट्रिमच्या, तितक्याच मैलांच्या ॲव्हलॉनच्या जाहिराती पुढे ठेवा.

टोयोटाने बदली म्हणून आणलेली क्राउन उंच आहे, चढ-उतर करायला सोपी, पण तिच्यात व्ही६ नाही आणि डिकीही लहान. पंचाहत्तरीच्या आईवडिलांना रोज बसवायचं असेल तर क्राउन बघावी. लांबच्या प्रवासाला ॲव्हलॉनच.

घ्यायचीच तर २०२१ किंवा २०२२ ची एक्सएलई, शक्यतो हायब्रिड. अँड्रॉइड ऑटो २०२१ पासूनच मिळतं. त्याच वर्षी आलेल्या एडब्ल्यूडीमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत) व्ही६ नसून २०५ अश्वशक्तीचं २.५ लिटरचं इंजिन आहे, हे विक्रेता सांगेलच असं नाही. २०१९ ची असेल तर एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या) संकेतस्थळावर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून टाकीतल्या इंधन पंपाच्या रिकॉलचं (कंपनीकडून होणाऱ्या मोफत दुरुस्तीचं) काम झालं आहे का ते तपासा. तो पंप बिघडला की गाडी चालता चालता बंद पडू शकते. मग सूर्यप्रकाशात दोन्ही हेडलाइट शेजारी शेजारी पाहा. एक पिवळसर आणि एक लख्ख असेल, तर पुढून ठोकलेली आहे असं धरून बंपरच्या सांध्यांतल्या फटी मोजा, आणि रडारच्या कॅलिब्रेशनची पावती मागा. पावती नसेल तर ते काम स्वतःच्या खर्चात धरूनच भाव ठरवा.