बूट की मसुदे? रान वाचवणाऱ्या संस्थेत काम निवडताना

१९४५ साली अमेरिकेतल्या ‘द वाइल्डरनेस सोसायटी’ या रानं वाचवणाऱ्या संस्थेचा कारभार दोन माणसांनी वाटून घेतला. ओलाउस म्यूरी संचालक झाले, तेही अर्धवेळ, आणि राहिले वायोमिंगमधल्या मूस नावाच्या वस्तीत, टीटन डोंगरांच्या पायथ्याशी. हॉवर्ड झानायझर सचिव आणि संस्थेच्या नियतकालिकाचे संपादक. त्यांचं टेबल वॉशिंग्टनला. म्यूरी जीवशास्त्रज्ञ होते, अलास्कात कॅरिबूंच्या (रानटी रेनडिअरांच्या) कळपांमागे वर्षं घालवलेले. झानायझर सरकारी खात्यांत लेखन-संपादन करून आलेले. अशा संस्थेत नोकरी धरायची की नाही, आणि धरायची तर कुठली, या विचारात असाल तर या दोघांपासूनच सुरुवात करू. संस्थांची नावं बदलतात, पण कामाची ही फाळणी आजही जवळजवळ तशीच आहे.

बहुतेक अर्जदारांना फील्ड, म्हणजे प्रत्यक्ष रानातलं काम, हवं असतं. साहजिक आहे. पण तिथला दिवस जाहिरातीतल्या फोटोसारखा नसतो. एकच प्लॉट, तीच झाडं, तीच मोजणी, पुन्हा पुढच्या आठवड्यात. कॅमेरा ट्रॅपचं (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं) कार्ड काढून पाहावं तर शेकडो फोटोंत हलणारं गवत. अमेरिकेतल्या कायद्याने जाहीर झालेल्या अस्पर्श रानात यंत्रं चालवायला, अगदी सायकल न्यायलाही मनाई आहे. त्यामुळे पायवाटेवर पडलेला ओंडका तिथे दोघांनी ओढायच्या लांब करवतीने कापतात. पहिल्या दिवशी मजा वाटते. आठव्या दिवशी खांदे बोलायला लागतात. शिवाय यातली बरीच कामं हंगामी असतात. मोसम संपला की करार संपला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज.

याच्या बदल्यात जे मिळतं ते टेबलावर मिळत नाही: संध्याकाळी मागे वळून पाहिलं की वाट मोकळी झालेली दिसते. आणि क्वचित एखादी मोसमभराची वणवण फार लांब पोचते. १९५६ च्या उन्हाळ्यात ओलाउस आणि मार्गारेट म्यूरी अलास्कातल्या शीनजेक नदीच्या खोऱ्यात छोटी तुकडी घेऊन गेले. त्या तुकडीत जॉर्ज शॅलर नावाचा एक तरुण विद्यार्थीही होता, पुढे वन्यजीव अभ्यासात मोठं नाव झालेला. तिथल्या नोंदी घेऊन म्यूरी दांपत्य लोकांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे उभं राहिलं, आणि डिसेंबर १९६० मध्ये त्या भागाला आर्क्टिक वन्यजीव क्षेत्राचं संरक्षण मिळालं. नुसत्या भटकंतीने हे झालं नसतं, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता टेबल. झानायझरांनी १९५६ मध्ये वाइल्डरनेस कायद्याचा, म्हणजे अस्पर्श रानं राखणाऱ्या कायद्याचा, पहिला मसुदा केला. त्यानंतर ६६ मसुदे झाले, १८ सुनावण्या झाल्या. कोटाला आतून मोठाले खिसे शिवून घेऊन त्यांत विधेयकाच्या प्रती आणि पत्रकं कोंबून हा माणूस कार्यालयांच्या चकरा मारायचा. ज्यांचा विरोध आहे त्यांच्याशी रागवायचंही नाही, कारण उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय. तडजोडीही गिळाव्या लागल्या: नव्या खाणींचे दावे १९८३ अखेरपर्यंत करण्याची मुभा कायद्यात राहिली. शेवटी प्रतिनिधिगृहात ३७३ विरुद्ध १ असं मतदान झालं. ३ सप्टेंबर १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली आणि ९१ लाख एकर रान एका फटक्यात सुरक्षित झालं. आज तो आकडा ११ कोटी एकरांच्या वर आहे. पण झानायझर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते, म्यूरी त्याआधीच्या वर्षी. सहीच्या वेळी जॉन्सन यांच्याजवळ उभ्या होत्या त्या दोघांच्या पत्नी. टेबलाचं काम घेणाऱ्याने ही शक्यता आधीच मान्य करावी. निकाल आपल्याला दिसेलच असं नाही.

पगाराचं म्हणाल, तर टेबल सहसा स्थिर असतं, वर्षभराचं असतं, आणि वय वाढलं तरी झेपतं. जाचही वेगळा: अनुदानाचे अहवाल, देणगीदारांचे फोन, आणि काय बोलायचं याची मर्यादा. १९६६ मध्ये सिएरा क्लब या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेने ग्रँड कॅन्यनमधल्या धरणांविरुद्ध वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि देणग्यांवरची करसवलत गमावली. (धरणं झाली नाहीत, हा भाग वेगळा.) तेव्हा तावातावाने लिहायची हौस असेल, तर लॉबिंगबद्दल (कायदे करणाऱ्यांवर प्रभाव टाकण्याबद्दल) संस्थेचं धोरण आधी विचारून घ्या.

तिसरी जात असते संघटकांची. तिच्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. नव्या रानाला कायद्याचं संरक्षण द्यायचं तर दर वेळी अमेरिकी संसदेची, म्हणजे तिथल्या काँग्रेसची, मंजुरी लागेल, ही अट विरोधकांच्या आग्रहाने आली. झालं उलटंच: प्रत्येक रानासाठी तिथल्या लोकांना गोळा करणारी, नकाशे घेऊन बैठका घेणारी माणसं लागायला लागली. माणसांत रमत असाल तर मी आधी इकडेच बघायला सांगेन.

माझा कल विचाराल तर, ‘मला जंगल आवडतं’ हा निकष बाजूला ठेवा. ते सगळ्यांनाच आवडतं, हिशेब लिहिणाऱ्यालाही. कुठला कंटाळा सोसतो ते बघा. भिजलेले मोजे आणि तीच ती मोजणी सोसत असेल तर फील्ड. एकच वाक्य चाळिसाव्यांदा बदलून पुन्हा हसतमुखाने पाठवता येत असेल तर टेबल. दोन्ही जमेल असं वाटत असेल, तर बहुधा अजून दोन्ही करून पाहिलेलं नाही. पंचविशीच्या आतल्यांनी एक-दोन मोसम फील्डवर काढावेत, मग टेबल. उलट्या क्रमाने शरीर कुरकुरतं. घर चालवायची जबाबदारी असेल तर हंगामी करारावर उडी मारू नका.

अमेरिकेतली संस्था असेल तर तिचा ‘फॉर्म ९९०’ वाचा. करखात्याला भरलेलं हे विवरण कुणालाही पाहता येतं, आणि वरिष्ठांना किती मिळतं, कामावर किती खर्च होतो हे त्यात असतं. मुलाखतीत शेवटी विचारायचं असेल तर एवढंच विचारा: फील्डवरून आलेली शेवटची नोंद टेबलावरच्या कुणी वाचली, आणि तिचं पुढे काय केलं? समोरचा नोंद पाठवणारा आणि ती वाचणारा, अशा दोन्ही माणसांची नावं पटकन सांगू शकला, तर जागा कुठलीही असो, घ्या.