मंडईत मूकपट दाखवायचा तर मशीन कोणतं?

दिवाळी उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा मिळेनाशा होतात. अशात एखाद्या मंडळाच्या डोक्यात येतं, यंदा नाटकाच्या आदल्या रात्री जुन्या मशीनवर मूकपट लावू. लावाच. फक्त वर्गणी कशात घालायची ते आधी ठरवा. टुरिंग टॉकीजचं ३५ एमएम (फिल्मची रुंदी) मशीन, एके काळी शाळा-कॉलेजांतून फिरायचं ते १६ एमएम, की लॅपटॉपला जोडायचा डिजिटल प्रोजेक्टर?

३५ एमएमचा थाट वेगळाच. कार्बनच्या दोन जळत्या कांड्यांच्या उजेडात मोठा पडदा उजळतो, मागच्या बैलबंडीवर बसलेल्यालाही दिसतं. पण त्या कार्बनला डीसी करंट लागतो, म्हणजे एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर आला. कांड्या जळत जातात, त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळावं लागतं, ऑपरेटरला जागचं हलता येत नाही. शिवाय हे मशीन बोलपटाचं, सेकंदाला २४ चित्रं ओढणारं. मूकपट बरेचसे १६ ते २० च्या आसपास, तेही हातानं कॅमेरा फिरवून घेतलेले. १६ च्या वेगानं हजार फुटांचं रीळ साडेसोळा मिनिटं चालतं, २४ नं अकरा मिनिटांत संपतं. मग हरिश्चंद्र स्मशानाकडे शेवटची एसटी पकडायला निघाल्यासारखा पळतो. आणखी एक गोम आहे. बोलपटाच्या फिल्मवर एका कडेला ध्वनिपट्टी असते आणि मशीनची खिडकी ती झाकते. मूकपटाचं चित्र त्या जागेतही पसरलेलं असतं, त्यामुळे मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्यांची कडेची अक्षरं कापली जातात. आणि प्रत १९५० च्या आधीची असेल तर ती नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी, असू शकते. तिला हातही लावू नका. ती एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही.

माझा कल १६ एमएमकडे आहे. ही फिल्म सेफ्टी बेसवर, म्हणजे सहजी न पेटणाऱ्या पट्टीवर येते, तो धोका नाही. पुष्कळ मशीनवर मूकपटाच्या वेगाचं बटण असतं. चारशे फुटांच्या रिळात ३५ एमएमच्या हजार फुटांइतकीच, सोळा हजार चित्रं मावतात आणि ते रीळ पिशवीत घालून नेता येतं. पडदा मात्र आठ-दहा फुटी धरा, आणि अंधार पक्का हवा. मशीन घेताना आधी दिवा बघा: जुने ७५० किंवा १००० वॅटचे दिवे शोधत फिरावं लागतं, नंतरच्या मशीनमधला २४ व्होल्टचा हॅलोजन त्या मानानं सोपा. अमेरिकन मशीन असेल तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यात एक गंमत आहे. तिकडच्या ६० सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेसाठी बनवलेली इंडक्शन मोटर आपल्या ५० च्या लाइनवर हळू फिरते, २४ चे २० होतात. बोलपटाचा सत्यानाश, मूकपटाला मात्र सोयीचं! फक्त मोटर जास्त तापते, तेव्हा दर रिळानंतर तिला थंड होऊ द्या. प्रत घेताना डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आकसायला लागलेली असते, भोकं दात्यांवर नीट बसत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या डब्यांत असा माल बराच निघतो.

डिजिटलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वस्त, हलका, कुणीही चालवतो. कॉपी घाईत पळत असेल तर प्लेअरचा वेग ०.७५ करा.

पण खरा निर्णय मशीनचा नाहीच, चित्रपटाचा आहे. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) दाखवायचा असेल, ज्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, तर डिजिटलच. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय दुर्मीळ प्रत मंडईतल्या मशीनवर चढवायला देईल, ही आशा सोडा. चॅप्लिनच्या १९१६-१७ च्या दोन रिळांच्या विनोदी फिल्म १६ एमएमवर मुबलक निघाल्या होत्या, त्या मिळू शकतात. ३५ एमएमच्या वाटेला तालुक्यात टॉकीजचा जुना ऑपरेटर सापडला तरच जा.

मी असतो तर आधी फाळके डिजिटलवर लावले असते आणि मग मांडवाच्या मध्यभागी १६ एमएम मांडून चॅप्लिन. पोरांना मशीन जवळून दिसलं पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कशाला? वाचलेले पैसे पेटी-तबलावाल्यांना द्या. मूकपटांच्या काळात थिएटरातही वाजवणारे बसायचेच, आणि झाडीपट्टीतल्या पेटीवाल्याला प्रसंग पाहून वाजवणं शिकवावं लागत नाही. इंग्रजी पाट्या वाचायला नाटकातलाच एखादा खणखणीत आवाजाचा गडी माइकवर बसवा, झाडीबोलीत सांगितलं तर उत्तमच.

लाइट जाणार हे धरून जनरेटर ठेवा, पण तो मांडवापासून लांब, वारा मांडवावरून जिकडे वाहत जातो त्या बाजूला. त्याचा वेग कमी-जास्त झाला की १६ एमएमची इंडक्शन मोटरही तशीच नाचते, म्हणून बाकीचा लोड त्यावर टाकू नका. चहाच्या टपरीवाल्याला आधीच सांगून ठेवा.