बीपीची टू-इन-वन गोळी, ८ महिन्यांनंतर (गोळीपेक्षा पट्टीबद्दलच जास्त लिहिलंय, सांभाळून घ्या)

काल परत मेडिकलवाल्याशी वाजलं म्हणून लिहायला बसलोय. तेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी घेतोय मी ८ महिने, घराघरात कुणी ना कुणी घेतंच त्यामुळं ती काय करते ते सांगत बसत नाही. माझं भांडण आहे ते पट्टी कापण्याशी. कात्री चालवायची तर नाव आणि एक्स्पायरी राहील अशी चालवा ना राव! माझ्या हातात आला तो चंदेरी तुकडा, त्यावर ब्रँडची शेवटची तीन अक्षरं आणि अर्धा पत्ता.

आता यात माझी पण चूक आहे ती आधीच कबूल करतो. पट्टी १५ ची, चिठ्ठी २० दिवसांची, आणि 'जादा नको, ५ च कापून द्या' असं म्हणणारा मीच. सांगलीत हळदीच्या अडतीवर ३० वर्षं हिशोब लिहिलेला माणूस, १० गोळ्या फुकट घरात कशाला आणून ठेवेल.

पण त्या कापलेल्या तुकड्यानं काय केलं ते ऐका. आधी दोन वर्षं मी नुसती अ‍ॅम्लोडिपिन ५ घेत होतो, बीपी १५०-९५ च्या खाली येईना म्हणून विश्रामबागच्या डॉक्टरांनी ही जोडगोळी लिहिली. मला वाटलं झालं, एका गोळीत दोन औषधं म्हणजे पैसे पण दोनाचे. घरी जुन्या अ‍ॅम्लोडिपिनच्या १८ गोळ्या शिल्लक, त्या टाकायच्या कशा? मी समजलो नवीन गोळी जुनीच्या जोडीला दिलीय. डॉक्टर 'जुनी बंद' म्हणाले असणार, मी तेव्हा मनातल्या मनात फीचा हिशोब करत होतो बहुतेक. नवीन तुकड्यावर आत काय आहे ते वाचायची सोयच नव्हती, अख्ख्या पट्टीवरचं बारीक अक्षर मी बघितलं नाही, त्यामुळं सकाळी ही आणि रात्री ती, असं १२ दिवस चाललं. म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन रोज ५ ऐवजी १०.

पाय असे सुजले की चपलेच्या अंगठ्यात बोट शिरेना, मोज्याचे वळ संध्याकाळपर्यंत जाईनात. एकदा गादीवरून उठताना डोळ्यापुढं अंधारी आली, मशीन लावलं तर १००-६०. तेव्हा हिनं सगळ्या पट्ट्या पिशवीत भरल्या आणि मला रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, अहो काका, हेच औषध यात पण आहे की. जुनी बंद केली, आठ-दहा दिवसांत सूज उतरली. 'किती वाचले हो १८ गोळ्यांचे?' हिचा हा प्रश्न अजून संपलेला नाही.

तेव्हापासून नावाच्या शेवटची अक्षरं बघायची सवय लागली. एएम असेल तर बहुतेक वेळा अ‍ॅम्लोडिपिन, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं. पण सगळ्या कंपन्या सारखं लिहीत नाहीत, म्हणून आतलं औषध बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेच वाचायचं. भिंग घेतलंय मी ६० रुपयांचं.

पहिले दोन महिने मी या गोळीला शिव्याच घातल्या, आता मत बदललंय. डॉक्टरांनी सांगितलं ते पटलं, की एकच औषध वाढवत नेण्यापेक्षा दोन वेगळ्या वाटेनं काम करणारी थोडी थोडी दिली तर बीपी जास्त उतरतं, आणि तेल्मिसार्टन सोबत असलं की अ‍ॅम्लोडिपिनची पायाची सूज पण कमी येते. लक्षात ठेवायची गोळी पण एकच, तेही सकाळच्या चहाबरोबर जमून गेलं. एखाद्या दिवशी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, हे मी आता पोराला पण सांगतो.

पोरानं ऑनलाइन सात खणांचा डबा मागवला, वार लिहिलेला, लई भारी दिसत होता. पावसाळ्यात त्यात गोळ्या काढून ठेवल्या तर आठवड्यात मऊ पडल्या. तेल्मिसार्टन ओल धरतं, म्हणून तर ती जाड फॉइलची पट्टी असते, घ्यायच्या वेळीच फोडायची. डब्यात आता बडीशेप आहे.

अजून एक, हिनं प्रेमानं 'कमी सोडियमचं' मीठ आणलं होतं. डॉक्टरांनी पाकिटाची मागची बाजू वाचायला लावली, निम्मंअर्धं पोटॅशियम क्लोराइड, आणि तेल्मिसार्टननं रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. पाकीट बंद. साधं मीठच कमी, दिवसाला सगळं मिळून चमचाभर, ५ ग्रॅमच्या आत. भडंगावर बंदी नाही पण आता वाटी मोजून मिळते, लोणचं फक्त रविवारी. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आपल्या मनानं घ्यायचो ती डायक्लोफिनॅक पण गेली, त्यानं बीपी चढतं आणि या गोळीबरोबर किडनीवर ताण येतो म्हणे. क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते कळतं) आणि पोटॅशियमची तपासणी दोनदा झाली, दोन्ही ठीक.

वाईट बाजू? दोनातलं एकच औषध कमी करायचं झालं तर गोळी बदलावीच लागते. मी एकदा सुरीनं अर्धी करून बघितली, पैसे वाचवायला अर्थात, तर दोन रंगांचे थर सुटून चुरा झाला.

सध्या सकाळी पाच मिनिटं गप बसून, चहाच्या आधी मोजतो, १२८-८० च्या आसपास येतं. जनऔषधी केंद्रातून हेच कॉम्बिनेशन घ्यायला लागलो, डॉक्टरांना पट्टी दाखवून, आणि महिन्याचा खर्च निम्म्याच्या पण खाली आला. चिठ्ठी आता ३० दिवसांची मागून घेतो.

कालचं भांडण हिच्या थायरॉइडच्या पट्टीवरून होतं. परत एक्स्पायरीकडूनच कापली होती त्यानं, मी तिथंच उभा राहून त्याच्याकडून पेनानं लिहून घेतली तारीख, मागं सहा माणसं खोळंबली तरी.