जबड्याच्या हाडातली गाठ: भरवसा स्कॅनवर की बायोप्सीवर?

जबड्याच्या हाडात गाठ निघाली की घरचे म्हणतात, एकदाची बायोप्सी करून टाकू. बहुतेकदा ती लागतेच. पण कर्करोग नसलेल्या या दुर्मिळ गाठींमध्ये नुसत्या तुकड्यावर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. पॅथॉलॉजिस्टकडे (तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर) तुकड्याबरोबर स्कॅनही गेलाच पाहिजे.

फायब्रस डिस्प्लेसिया (हाडाची जागा तंतुमय ऊती घेते असा आजार) आणि ऑसिफाइंग फायब्रोमा (हाड तयार करणारी तंतुमय गाठ) ही जोडी घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत तंतुमय ऊती आणि तिच्यात तयार होणारं हाड दिसतं. लहान तुकड्यावरून फरक सांगणं कठीण जातं. स्कॅनमध्ये मात्र डिस्प्लेसियाचा भाग घासलेल्या काचेसारखा धूसर असतो आणि त्याची कड शेजारच्या हाडात विरून जाते. फायब्रोमाची सीमा स्पष्ट असते, गाठ गोलाकार फुगते. उपचार यावरच ठरतो. फायब्रोमा पूर्ण काढतात. डिस्प्लेसियात बहुधा शरीराची वाढ थांबेपर्यंत वाट पाहतात आणि गरजेपुरतं हाड तासतात. शंका उरलीच तर जीएनएएस जनुकाची तपासणी करता येते. त्यात बदल सापडला तर कौल डिस्प्लेसियाकडे झुकतो, पण न सापडल्याने डिस्प्लेसिया नाहीच असं म्हणता येत नाही.

सिमेंटोब्लास्टोमा (दाताच्या मुळावरच्या थरातून होणारी गाठ) आणि ऑस्टिओब्लास्टोमा (हाड बनवणाऱ्या पेशींची गाठ) तर स्लाइडवर जवळजवळ सारखेच दिसतात. खरा प्रश्न एवढाच, की गाठ दाताच्या मुळाला जोडलेली आहे का? खालच्या पहिल्या दाढेच्या मुळाशी दाट पांढरा गोळा, भोवती काळी कड, मुळाची रेषा पुसलेली आणि दात बहुधा जिवंत, असं चित्र सिमेंटोब्लास्टोमाचं. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत, सगळं एकावर एक येतं, म्हणून इथे मी सीबीसीटी (दात-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) निवडेन. गाठ हाड फोडून बाहेर आल्याची शंका असेल, तर मऊ ऊतींसाठी नेहमीचा सीटी किंवा एमआरआय हवा; तिथे सीबीसीटी तोकडा पडतो.

जायंट सेल ग्रॅन्युलोमा (मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी असलेली गाठ) असा रिपोर्ट आला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घ्या. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या अतिक्रियेमुळे हाडात होणारा ब्राउन ट्यूमर हुबेहूब तसाच दिसतो, आणि ग्रंथीचा मूळ आजार बरा केल्यावर तो अनेकदा आपोआप आटतो.

ऑस्टिओमा (घट्ट हाडाची साधी गाठ) एकच असेल तर घाई नसते. अनेक असतील तर गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा विचार करून मोठ्या आतड्याची तपासणी करायला हवी, कारण त्यात आतड्यात होणारे पॉलिप पुढे कर्करोगाकडे वळतात.