दोन जीबी रॅमच्या संगणकावर डेबियन १३: गुहागरच्या वाचनालयातून एक परीक्षण

डेबियन या लिनक्सवर आधारित मोफत कार्यप्रणालीची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, त्यामुळे गुहागरच्या आमच्या वाचनालयातला २ जीबी रॅमचा, साध्या हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप लिनक्सवर आणावा लागणार हे उघड होते. एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपसह डेबियन त्यावर बसवून मी ती एकाच कसोटीवर तपासली: मेमरी संपत आली की ती कशी वागते.

नुसता डेस्कटॉप उघडल्यावर किती रॅम लागते, हा परीक्षणांचा लाडका आकडा मला निरुपयोगी वाटतो. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच सोडून देते, म्हणून पाहायचाच तर ‘फ्री’ या आज्ञेतला ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. खरी परीक्षा होते ती ब्राउझरमध्ये दोन-तीन वर्तमानपत्रे, महाभूलेखवरचा कुणाचा तरी सातबारा आणि मागे कॅल्क या स्प्रेडशीटमधली पुस्तकांची नोंदवही एकाच वेळी उघडल्यावर. स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावर तिच्यातला मजकूर हलवण्याची जादा जागा, फक्त हार्ड डिस्कवर असेल, तर माउसचा बाण अडखळतो, डिस्कचा दिवा विझत नाही आणि मेमरीतली पाने (तिचे छोटे तुकडे) आत-बाहेर नेण्यातच यंत्राचा वेळ जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये ज्याची कारणमीमांसा केली, ते हेच ‘थ्रॅशिंग’. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, याच्या ४.२० आवृत्तीपासून मेमरीच्या ताणाची वेगळी नोंद मिळते. मेमरीची वाट पाहण्यात किती टक्के वेळ गेला, हे त्यातून कळते आणि चाचणीत मला तीच सर्वांत विश्वासार्ह वाटली.

झेडरॅम लावल्यावर चित्र पालटते. यात बाहेर काढलेली पाने डिस्कवर न जाता संकुचित होऊन रॅममध्येच राहतात. प्रोसेसरवर थोडे काम वाढते, पण फिरत्या डिस्कची वाट पाहण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते. जुन्या प्रोसेसरसाठी मी झेडएसटीडीऐवजी एलझेड४ ही संकुचनाची वेगवान पद्धत निवडली. स्वॅपिनेस म्हणजे कर्नलचा स्वॅपकडे किती कल असावा हे ठरवणारे मूल्य. ‘स्वॅपिनेस दहावर आणा’ हा जुना सल्ला मात्र इथे विसरावा; कर्नल ५.८ पासून हे मूल्य २०० पर्यंत नेता येते आणि झेडरॅमसाठी शंभराच्या वरचेच योग्य ठरते. कर्नल ६.१ मध्ये आलेली बहुपिढी एलआरयू, म्हणजे कोणती पाने आधी बाहेर काढायची हे ठरवणारी व्यवस्थाही डेबियनच्या ६.१२ कर्नलमध्ये आहे. तिच्यात एक हजार मिलिसेकंदांची मर्यादा घातली, की शेवटच्या सेकंदात वापरलेली पाने राखली जातात आणि ते अशक्य झाल्यास कर्नल एखादी प्रक्रियाच बंद करतो. वाचनालयात सगळा संगणक गोठण्यापेक्षा एक टॅब गेलेली परवडते.

एक निर्णय मात्र मला पटला नाही. या आवृत्तीत तात्पुरत्या फाइलींचे ‘टीएमपी’ फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असते आणि ते निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते. भरपूर मेमरी असेल तिथे हे ठीक. इथे एखादी मोठी झिप फाइल त्यात उलगडली तरी ब्राउझरच्या तोंडचा घास जातो. ‘टीएमपी डॉट माउंट’ हे सिस्टमडीचे युनिट मास्क, म्हणजे पूर्ण बंद, केले, की ते फोल्डर पुन्हा डिस्कवर जाते.

डिस्कवरचा स्वॅप तरीही काढू नये. पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बॅटरी उतरत आल्यावर लॅपटॉप हायबरनेट करायचा, म्हणजे मेमरीतले सारे डिस्कवर लिहून बंद करायचा, तर झेडरॅमचा उपयोग नाही, कारण वीज तुटताच त्यातले सारे पुसले जाते. डिस्कच्या स्वॅपला कमी प्राधान्य देऊन दोन्ही ठेवावेत.

बूट करताना कर्नलला मुद्दाम एकच जीबी दाखवून पाहिले, तेव्हा कॅल्क नीट चालले. आजची संकेतस्थळे उघडणे मात्र शिक्षाच होती. तेव्हा दोन जीबीच्या खाली या वाटेला जाऊ नये. ३२-बिट प्रोसेसर असल्यास तर प्रश्नच नाही. डेबियन १३ ला त्यासाठी इन्स्टॉलरच नाही.