जुन्या घाटाचे पोलादी पिस्तूल घ्यावे का? हाय-पॉवरच्या तीन नव्या आवृत्त्यांची तुलना

टेक्साससारख्या राज्यात राहणाऱ्या आणि नेमबाजीच्या रेंजवर नियमित जाणाऱ्या मराठी माणसाला पहिले पिस्तूल घेताना फारसा प्रश्न पडत नाही, कारण दुकानदार त्याच्या हातात बहुधा पॉलिमर (टणक प्लास्टिक) फ्रेमचे ग्लॉक किंवा त्याच जातीचे दुसरे काही ठेवतो आणि ती निवड सहसा चुकत नाही. प्रश्न दुसऱ्या पिस्तुलाच्या वेळी पडतो. काचेच्या कपाटात निळसर काळ्या झिलईचे, अक्रोडाच्या मुठीचे, ८०-९० वर्षांपूर्वीच्या घाटाचे काहीतरी दिसते आणि मन तिथेच घुटमळू लागते. माझेही तसेच झाले. त्यात माझी अडचण अशी की तो घाट मी लहानपणापासून ओळखत होतो. माझे वडील पोलीस खात्यात उपनिरीक्षक होते आणि त्यांच्या कमरेला असे ते ९ मिमीचे ‘वन-ए’, म्हणजे बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारे पिस्तूल. ते ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या बेल्जियन पिस्तुलाच्या कॅनडात बनलेल्या इंग्लिस आवृत्तीवरून घडवलेले आहे. त्यामुळे पुढील तुलना हाय-पॉवर घराण्यातील तीन नव्या पिस्तुलांपुरती मर्यादित आहे आणि माझा कल कोठे आहे हे वाचकाने आधीच लक्षात घ्यावे.

मूळ पिस्तुलाची हकीकत थोडक्यात सांगितल्यावाचून निवड उमगणार नाही. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियममधील एफएन कंपनीसाठी ही रचना सुरू केली, परंतु १९२६ मध्ये ते तिथेच वारले आणि पुढील काम द्यूदोने सॅव्ह यांनी पूर्ण केले. १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आले तेव्हा त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतूस-पेटीत, दोन रांगांत १३ काडतुसे बसत होती, तर त्या काळच्या प्रसिद्ध कोल्ट १९११ मध्ये ७ बसत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम व्यापल्यावर तोच कारखाना त्यांच्या सैन्यासाठी हे पिस्तूल बनवू लागला आणि निसटून गेलेल्या बेल्जियन तंत्रज्ञांच्या मदतीने टोरांटोची इंग्लिस कंपनी तेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी बनवू लागली. युद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल, असा योग शस्त्रांच्या इतिहासात क्वचितच आला असेल.

मूळ ब्राउनिंगची निर्मिती २०१८ च्या सुमारास थांबली आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच रिकामी जागा भरायला तिघे पुढे आले. स्प्रिंगफील्ड आर्मरीचे एसए-३५ ऑक्टोबर २०२१ मध्ये आले, खुद्द एफएनचे नवे ‘हाय पॉवर’ जानेवारी २०२२ मध्ये आले आणि तुर्कस्तानातील गिरेसुन येथील गिरसान कंपनीचे एमसीपी-३५ त्याच सुमारास अमेरिकेत पोचले. नावे आणि चेहरे मिळतेजुळते असले तरी या तिघांनी जुन्या रचनेचा अर्थ वेगवेगळा लावला आहे, आणि पैसे मोजण्याआधी तो फरक समजून घेणे आवश्यक आहे.

एसए-३५ घडवणाऱ्यांनी जुने पिस्तूल समोर ठेवून त्याच्या उणिवा एकेक करून काढल्या आहेत. जुन्या रचनेत घोडा (काडतूस पेटवणारी मागची हातोडी) मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील कातडी चिमटीत सापडत असे, विशेषतः हात मांसल असेल तर. येथे घोड्याचा आकार बदलून तो त्रास दूर केला आहे. जुनी सेफ्टीची कळ इतकी बारीक होती की अंगठ्याला ती शोधावी लागे. येथे ती लांब आणि रुंद आहे, मात्र फक्त डाव्या अंगाला असल्यामुळे डावखुऱ्या माणसाची सोय झालेली नाही. सर्वांत महत्त्वाचा बदल बाहेरून दिसत नाही. फ्रेंच लष्कराच्या मागणीमुळे मूळ पिस्तुलात अशी योजना होती की मॅगझिन काढल्यावर चाप ओढला तरी घोडा सुटू नये. हे साधण्यासाठी चापाला जोडलेला एक लहान तुकडा मॅगझिनच्या अंगावर घासत राहत असे आणि त्यामुळे चाप खरखरीत, जड लागत असे. एसए-३५ मधून तो तुकडाच काढून टाकला आहे. बाकी पोलादी फ्रेम, ४.७ इंचांची नळी, चौकड्या कोरलेली अक्रोडाची मूठ आणि सुमारे ८९५ ग्रॅम वजन हे सारे जुन्याला धरून आहे. मॅगझिन १५ काडतुसांचे असून जुन्या हाय-पॉवरची बहुतेक मॅगझिने त्यात चालतात. बाजारात येताना त्याची किंमत ६९९ डॉलर होती.

एफएनच्या नव्या पिस्तुलाविषयी माझे मत थोडे कडवट आहे, हे मान्य करतो. वारसा सांगण्याचा अधिकार सर्वांत जास्त त्यांचा, पण त्यांनी जुने पिस्तूल दुरुस्त केले नाही, जुन्याच्या आठवणीवर नवे बेतले. मॅगझिन १७ काडतुसांचे झाले आणि त्यासाठी मूठ बदलली, परिणामी जुनी मॅगझिने त्यात बसत नाहीत. सेफ्टी आणि स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) अडवणारी कळ दोन्ही अंगांना आहे, मॅगझिन सोडण्याचे बटणही दुसऱ्या बाजूला बसवता येते, म्हणजे डावखुऱ्यांसाठी तिघांत हेच योग्य. मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी योजना येथेही गाळली आहे. पण वजन सुमारे १,१३५ ग्रॅम आहे. एसए-३५ पेक्षा जवळजवळ पाव किलो अधिक, आणि पाव किलो म्हणजे काय हे हात लांब करून पाच मिनिटे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. या वजनाचा फायदाही आहे. ९ मिमीचा धक्का इतका सौम्य होतो की दुसरी गोळी झाडताना मक्षिका (पुढच्या टोकावरची नेमाची खूण) नेमावर परत आलेली असते. रेंजवर तासभर गोळ्या झाडायच्या, पिस्तूल घरून पेटीत न्यायचे आणि पेटीतच परत आणायचे, असा ज्याचा बेत आहे त्याला हे पिस्तूल मनापासून आवडेल. मूळ किंमत १,२६९ डॉलरपासून पुढे होती, म्हणजे एसए-३५ घेऊन वर काडतुसांसाठी ५७० डॉलर उरतील असा तो हिशेब होतो.

गिरसानचे एमसीपी-३५ तिघांत स्वस्त आहे आणि मुळाच्या सर्वांत जवळ राहिलेले आहे. गुणांच्या आणि दोषांच्याही जवळ, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्यात रंगांची आणि आवृत्त्यांची विविधता आहे. एखाद्या आवृत्तीत टॉर्च बसवण्याची पट्टीही मिळते, जी इतर दोघांत नाही. दुकानात ते हाती घेतल्यावर एक चाचणी अवश्य करावी. दुकानदाराची परवानगी घ्यावी, पिस्तूल रिकामे असल्याची त्याच्यासमोर डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यावी, मग रिकामे मॅगझिन घालून, घोडा ताणून चाप ओढून पाहावा आणि मॅगझिन काढून, घोडा परत ताणून पुन्हा ओढून पाहावा. दुसऱ्या वेळी घोडा सुटला नाही, तर ती जुनी फ्रेंच योजना त्यात आहे असे समजावे आणि पहिल्या वेळी बोटाला जाणवलेली खरखर कोठून आली तेही कळेल. हीच चाचणी एसए-३५ वर करताना फरक इतका स्पष्ट जाणवतो की मी काउंटरवर दोन्ही पिस्तुले दोन-दोनदा मागून घेतली आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी शेवटी दुसऱ्या विक्रेत्याकडे जाणे पसंत केले.

आता खरी तुलना, जी अनेक जण टाळतात. पॉलिमर फ्रेमचे आधुनिक पिस्तूल आधीपासून घरात असेल, तर या पोलादी पिस्तुलाचा व्यावहारिक उपयोग काय? ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझिनसह सुमारे ७०० ग्रॅमचे असते, त्याच्या स्लाइडवर रेड-डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारे भिंग) बसवण्याची सोय असलेल्या आवृत्त्या मिळतात, पावसात भिजले तरी फ्रेमला काही होत नाही आणि सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात. हाय-पॉवरच्या नव्या आवृत्त्या यांतील बहुतेक कसोट्यांवर मागे पडतात. आमच्या ह्यूस्टनची हवा कोकणासारखी दमट आहे आणि निळसर काळ्या झिलईच्या पोलादावर घामट अंगठ्याचा ठसा दोन दिवस राहिला तर तिसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग दिसतो, म्हणून रेंजवरून आल्यावर तेलाचा हात फिरवणे हा नेमच करावा लागतो. ज्याला हा नेम पाळणे जमणार नाही त्याने एफएनची स्टेनलेस आवृत्ती पाहावी किंवा हा विषय सोडून द्यावा.

वजन आणि गंज यांपेक्षा मला सवयीचा फरक गंभीर वाटतो. ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. हाय-पॉवर सिंगल-अॅक्शन आहे, म्हणजे पहिल्या गोळीसाठी घोडा आधीच ताणलेला असावा लागतो आणि तो ताणलेला असताना सेफ्टी लावलेली असावी लागते. एका पद्धतीवर घटवलेला हात घाईच्या वेळी दुसरी पद्धत विसरतो. म्हणून स्वसंरक्षणासाठी एक पिस्तूल आधीच ठरले असेल तर तेच राहू द्यावे आणि पोलादी पिस्तूल रेंजपुरते ठेवावे, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. ज्याच्याकडे पैसे एकाच पिस्तुलाचे आहेत, त्याने तर जुन्या घाटाच्या मोहात पडूच नये.

कायद्याचा भाग आपल्या लोकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घेण्यासाठी वय किमान २१ असावे लागते, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि केंद्रीय पार्श्वभूमी तपासणी होते. ग्रीन कार्ड असलेल्यांना खरेदी करता येते; एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक घेणे आणि जवळ बाळगणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. ‘मित्राच्या नावावर घेऊ, पैसे मी देतो’ ही आपल्याकडची सोपी तोड येथे केंद्रीय गुन्हा ठरते. राज्यांचे नियम आणखी वेगळे आहेत: न्यू जर्सीत खरेदीपूर्वी परवाना लागतो आणि मॅगझिन १० काडतुसांपुरते मर्यादित आहे, कॅलिफोर्नियात १० ची मर्यादा आहेच, शिवाय राज्याच्या मान्य यादीत नसलेले नवे मॉडेल दुकानदार सहसा विकू शकत नाही. तिथे राहणाऱ्याने १५ की १७ ही तुलना करण्यात वेळ घालवू नये.

भारतात परतण्याचा विचार असेल तर हे पिस्तूल सोबत येणार नाही, हे गृहीत धरावे. ९ मिमी हा भारतात सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर (नळीच्या छिद्राचे माप) आहे, परवानाधारकाला बहुधा ०.३२ च्या पिस्तुला-रिव्हॉल्व्हरवर समाधान मानावे लागते. वडिलांनी आयुष्यभर वापरलेले पिस्तूल त्यांना निवृत्तीनंतर विकत घेता येत नाही आणि त्यांच्या मुलाला ह्यूस्टनच्या दुकानात तासाभरात मिळते, यातील विसंगती मी फार ताणत नाही. एक सूचना मात्र ताणून सांगतो. रेंजवर नेण्याची पिशवी आणि विमानप्रवासाची पिशवी कधीही एक असू नये. अस्तराच्या शिवणीत अडकलेले एक काडतूस भारतीय विमानतळावर सापडले, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो आणि ‘विसरून राहिले’ हे सांगायला वकील लागतो.

मग कोणते घ्यावे? डावखुरा असाल, हात मोठा असेल आणि पिस्तूल केवळ रेंजवर वापरायचे असेल, तर एफएन घ्यावे आणि किमतीची चर्चा घरात करू नये. भाग खोलून-जोडून, चाप घासूनपुसून स्वतःच्या हाताने पिस्तूल घडवण्याची हौस असेल, तर गिरसानवर खर्च केलेले पैसे हौसेच्या मानाने कमीच आहेत. ज्याला हातात जुने पिस्तूलच हवे आहे, फक्त त्याची चिमटी आणि खरखर नको आहे, त्याने एसए-३५ घ्यावे. मी तेच घेतले. रेंजवर ९ मीटरवरील पहिल्या मॅगझिनच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, त्याचे श्रेय माझ्यापेक्षा चापाला अधिक आहे.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अण्णांना, म्हणजे वडिलांना, ते दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीन जवळ घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “मॅगझिन काढलं आहेस ना? दाखव.” मी मॅगझिन आणि उघडी स्लाइड दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरली. मग ते म्हणाले, “ही सेफ्टी फार मोठी केलीय. आमची नखाने लावावी लागायची.” आणि थोडे थांबून, “किती गोळ्या म्हणालास? पंधरा? आम्हाला तेरांचा हिशेब लिहून द्यावा लागायचा.”